बुटक्या डोंगरांची बेरीज

चंद्रपूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १९० मीटरवर आहे, गडचिरोली सुमारे २१७ मीटरवर. त्यांच्या आसपासच्या बऱ्याच डोंगरांची उंची पाचशे मीटरच्या आगेमागेच थांबते. पुण्या-नाशिककडचा भटक्या हे आकडे ऐकतो आणि नकाशा मिटून ठेवतो. कळसूबाई १,६४६ मीटर, साल्हेर १,५६७ मीटर आणि जिवतीच्या रानातला माणिकगड ५०७ मीटर! सह्याद्रीवर मराठीत कपाटभर पुस्तके आहेत. पेरजागड, चिमूर, मूल, टिपागड, सुरजागड, भामरागड या पूर्व विदर्भातल्या रांगांच्या वाट्याला मात्र बहुतेक वेळा शालेय भूगोलातली एक ओळ येते.

हा अन्याय चुकीच्या मापामुळे होतो. समुद्रसपाटीपासूनची उंची सर्वेक्षकाच्या कामाची असते. चालणाऱ्याच्या पायांना ती कळत नाही. पायांना कळतो तो पायथ्यापासूनचा चढ, आणि एकाच दिवसात चार-पाच माथे ओलांडायचे असतील तर त्या सगळ्या चढांची बेरीज. एक डोंगर चढायचा, खिंडीत उतरायचे, पुन्हा चढायचे. प्रत्येक उतरणीला कमावलेली उंची हातची जाते आणि पुढच्या चढाला ती नव्याने मिळवावी लागते. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखा हा हिशेब असतो. एकेक रक्कम किरकोळ, पण संध्याकाळी एकूण आकडा डोळ्यांसमोर येतो तेव्हा माणूस खाली बसतो.

या हिशेबाचे सूत्रसुद्धा अशाच एका दिवसाच्या चालण्यातून जन्मले. १८९२ च्या मे महिन्यात विल्यम नेस्मिथ हा स्कॉटिश गिर्यारोहक क्रुआख आर्ड्रेन, स्टोबिनियन आणि बेन मोर ही तीन शिखरे एका दिवसात चालून आला. अंतर दहा मैल, एकूण चढ ६,३०० फूट, वेळ साडेसहा तास. ही नोंद स्कॉटिश माउंटेनिअरिंग क्लबच्या नियतकालिकासाठी लिहिताना त्याने एक साधे गणित मांडले. नकाशावरच्या दर तीन मैलांना एक तास धरायचा आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. मेट्रिक मापात सांगायचे तर पाच किलोमीटरला एक तास आणि सहाशे मीटर चढाला एक तास. जगभरचे डोंगरयात्री आजही आपला दिवस आखताना याच गणितापासून सुरुवात करतात. त्या नोंदीतली खरी गंमत आकड्यांत आहे. तिन्ही शिखरांत सर्वांत उंच असलेला बेन मोर समुद्रसपाटीपासून १,१७४ मीटरच आहे. नेस्मिथ मात्र दिवसभरात सुमारे १,९२० मीटर चढला. शिखरापेक्षा बेरीज मोठी निघाली.

महाराष्ट्रात या बेरजेचा अनुभव बहुतेकांना कात्रज ते सिंहगड या वाटेवर येतो. कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून सिंहगडापर्यंत साधारण पंधरा-सोळा किलोमीटरच्या धारेवर लहानमोठ्या तेरा टेकड्या लागतात. त्यातली एकही टेकडी स्वतंत्रपणे कुणाला घाबरवणारी नाही. तरीही दर पावसाळ्यानंतर चांदण्या रात्री निघालेल्या तरुणांपैकी काही जण आठव्या-नवव्या टेकडीवर हबकतात. ‘आता संपली’ असे वाटते तिथे पुढची टेकडी उभी असते.

चंद्रपूर जिल्ह्यात या प्रकारच्या दिवसाला सर्वांत योग्य जागा म्हणजे पेरजागडची रांग. नागभीड, तळोधी आणि चिमूर यांच्या मधल्या जंगलात ती पसरली आहे. झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यातला, माणूस तिला सात बहिणींचा डोंगर म्हणतो. भातखाचरांच्या आणि तलावांच्या सपाट मुलखातून एकदम कडा उठतो, आणि त्या कड्यावर सात बहिणींचे ठाणे आहे. रांगेच्या चिमूरकडच्या अंगाला डोमा गावाजवळ मुक्ताईचा धबधबा आहे, तोही श्रद्धास्थानच. माना जमातीच्या लोकांची तिथे मोठी वर्दळ असते. जवळच घोडाझरीचा तलाव आहे आणि त्याच्या नावाने २०१८ साली अभयारण्य जाहीर झाले.

समजा, अशा रांगेत कुणी पंधरा किलोमीटरची वाट आखली, तिच्यात पाच माथे घेतले आणि प्रत्येक माथ्याला दीडशे मीटर चढ धरला. एकूण चढ साडेसातशे मीटर होतो. पायथ्याच्या बारी गावातून कळसूबाई चढतानाचा चढ आठशे मीटरच्या आसपास आहे, म्हणजे हिशेब जवळपास बरोबरीला आला. नेस्मिथच्या सूत्राने या वाटेला सव्वाचार तास पुरावेत. पण ते सूत्र स्कॉटलंडच्या थंड हवेत, गवताळ उघड्या उतारांवर तयार झाले. झाडीपट्टीत त्यात बरीच भर घालावी लागते.

पहिली भर उतरणीची. चढताना दम लागतो म्हणून माणूस चढालाच घाबरतो, पण पायांची खरी मोडतोड उतरताना होते. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार झेलतात, ब्रेकसारखे काम करतात, आणि त्या ओढाताणीत त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. वेदना त्या दिवशी जाणवत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कळते. एरिक लँगम्युर या ब्रिटिश प्रशिक्षकाने पुढे नेस्मिथच्या सूत्राला दुरुस्ती सुचवली ती याचसाठी. सौम्य उतारावर दर तीनशे मीटरना दहा मिनिटे कमी करायची, तीव्र उतारावर उलट दहा मिनिटे वाढवायची. सागाच्या जंगलात तर ही वाढ दुप्पट करायला हरकत नाही. जानेवारीनंतर सागाची पाने गळू लागतात. थाळीएवढी, वाळून कडक झालेली ती पाने उतारावर एकावर एक साचतात आणि त्यांच्याखाली दगड आहे की खड्डा, हे पाऊल टाकल्याशिवाय समजत नाही.

दुसरी भर उन्हाची, आणि तिच्यापुढे बाकी सगळे फिके आहे.

चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही नावे दर मे महिन्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या शहरांच्या यादीत असतात. पारा ४७ अंशांच्या वर जाणे इथे नवलाचे राहिलेले नाही. हवेचे तापमान त्वचेच्या तापमानापेक्षा वर गेले की शरीराला उष्णता बाहेर टाकायला घामाखेरीज दुसरा मार्ग उरत नाही. वारासुद्धा मग थंड करायच्या ऐवजी तापवतो. उन्हात चढ चढणारा माणूस तासाला लिटरभर घाम सहज गाळतो. पाच-सहा तासांसाठी पाच-सहा लिटर पाणी घ्यावे तर पाठीवर पाच-सहा किलो वजन येते, आणि ते वाहताना आणखी घाम जातो. नुसते पाणी पीत राहिले तर रक्तातले मीठ पातळ होते, म्हणून मीठ-साखर किंवा ताक, आंबील यांची जोड लागते. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ सोडून या डोंगरांत दिवसभराची चाल आखणे हा धोका आहे. त्या काळातही दिवस लहान असतो. डिसेंबरात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि साडेपाचच्या सुमारास मावळतो, म्हणजे हाती उजेडाचे अकरा तासही लागत नाहीत.

पाण्याच्या बाबतीत टिपागड भाग्यवान. गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तरेकडे, छत्तीसगडच्या सीमेलगतच्या रानात हा डोंगरी किल्ला आहे आणि त्याच्या माथ्यावर चक्क तलाव आहे. लोककथा तो पुरम राजाच्या काळातला सांगते. वर पाणी असल्यामुळेच वर किल्ला टिकला. इतर बहुतेक माथे हिवाळा सरता सरता कोरडे पडतात. माणिकगडाच्या बाजूला, जिवतीच्या पठारावर, कोलाम आणि गोंड वस्त्यांतल्या बायका उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरून पुन्हा चढतात. साहस म्हणून नव्हे, रोजच्या स्वयंपाकासाठी. या दोन जिल्ह्यांत डोंगर चालण्याचा विषय काढताना त्या बायकांचा विसर पडता कामा नये.

तिसरी भर वाघाची. पेरजागडचा टापू ब्रह्मपुरी वनविभागात मोडतो आणि माणूस-वाघ संघर्षाच्या बाबतीत हा विभाग राज्यात सर्वांत संवेदनशील आहे. ताडोबातून बाहेर पडणारे तरुण वाघ याच टेकड्यांच्या आणि नाल्यांच्या आधाराने नवा मुलूख शोधतात. १० मे २०२५ रोजी शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात ठार झाल्या. मार्च-एप्रिलात मोहफुले वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपाने तोडायला माणसे पहाटे जंगलात शिरतात, वाकून किंवा बसून काम करतात, आणि वाघाला तो आकार माणसाचा वाटत नाही. चालणाऱ्यांनी म्हणूनच गटाने, बोलत, उजेड चांगला पडल्यावर निघावे आणि वनविभागाची परवानगी व गावातला जाणता माणूस सोबत घ्यावा. पेरजागडच्या कड्यांवर वाघाइतकाच धोका आग्या मोहोळांचा आहे. तिथे मधमाश्यांच्या हल्ल्यात पर्यटकांचे जीव गेले आहेत. धूर करणे, कड्याशी आरडाओरडा करणे, अत्तर लावून जाणे हे तिथे जिवावर बेतू शकते.

एवढी भर घातल्यावर सव्वाचार तासांची वाट आठ-नऊ तासांची होते. दिवसाचा सगळा उजेड ती खाऊन टाकते.

झाडीपट्टीतल्या पायवाटा नीट पाहिल्या तर त्यांत एक शहाणपण दिसते. कामाची वाट माथ्यावर जात नाही. मोहाला, सरपणाला, बाजाराला, सोयरिकीला जाणारी वाट खिंड गाठते, नाल्याच्या कडेने जाते, डोंगराला वळसा घालते. विनाकारण उंची कमावणे कष्टकऱ्याला परवडत नाही. माथ्यावर जाणारी वाट वेगळी असते, आणि ती कुणी पाडली हे विचारले की या मुलखाचा इतिहास उलगडू लागतो. बहुतेक ठिकाणी उत्तर देव हेच असते. गोंड, माडिया, माना, कोलाम या सगळ्यांच्या श्रद्धेत उंच जागा देवाची. तिथे जायचे ते ठरल्या दिवशी, ठरल्या रीतीने, गावाच्या पुजाऱ्याबरोबर.

काही माथ्यांवर लढाई चढली. अहेरी भागातल्या मोलमपल्लीच्या जमीनदार घराण्यातले बाबूराव पुल्लेसूर शेडमाके यांनी १८५७ च्या सप्टेंबरात गोंड, माडिया आणि रोहिले तरुणांची जंगोम सेना उभी केली. चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याच्याकडे कवायती फौज आणि बंदुका होत्या. बाबूरावांकडे डोंगर होते. मार्च १८५८ मध्ये नांदगाव-घोसरीची लढाई जिंकून त्यांचे लोक मूलजवळच्या गढीसुर्ल्याच्या डोंगरावर गेले. पहाटे फौजेने डोंगराला वेढा घातला तेव्हा वरून दगडांचा वर्षाव झाला. पाचशे मीटरदेखील नसलेल्या टेकडीची किंमत त्या पहाटे इंग्रज अधिकाऱ्याला कळली असणार. पुढचे काही महिने सगणापूर, बामनपेठ, चिंचगुंडी अशा गावांच्या परिसरात हा लढा चालला. एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर जाण्याची सवय, खिंडींची माहिती आणि कुठल्या झऱ्याला केव्हा पाणी असते याचे ज्ञान हेच त्या लढ्याचे बळ होते. अखेर बाबूराव फितुरीने पकडले गेले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली, तेव्हा ते पंचविशीत होते.

लोखंडाच्या शोधात आलेली माणसेही अशीच टेकड्या-टेकड्यांनी फिरली. १८८२ साली चांदा जिल्ह्यातल्या लोहारा इथल्या खनिजाबद्दल रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनात आला आणि भारतात पोलाद बनवण्याचे त्यांचे स्वप्न पहिल्यांदा या जिल्ह्याशी जोडले गेले. तेव्हाच्या जाचक नियमांमुळे ते बरीच वर्षे अडून राहिले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन भूवैज्ञानिक सी. एम. वेल्ड, दोराबजी टाटा आणि शापूरजी सकलातवाला चांद्याच्या जंगलात उतरले. बैलगाडी जाईल तिथवर बैलगाडीने आणि पुढे पायी, असा त्यांचा प्रवास होता. खनिज उत्तम दर्जाचे निघाले, पण मोठ्या कारखान्याला पुरेल एवढे एका जागी सापडेना आणि इथला कोळसाही पोलादाच्या भट्टीला चालेना. निराश दोराबजींना पुढे नागपूरच्या संग्रहालयात प्रमथनाथ बोस यांनी तयार केलेला भूशास्त्रीय नकाशा दिसला आणि शोध दुर्ग जिल्ह्याकडे, नंतर मयूरभंजकडे वळला. कारखाना साकचीला, आजच्या जमशेदपूरला, उभा राहिला. चांद्याच्या टेकड्या तेवढ्यापुरत्या वाचल्या.

या टेकड्यांच्या पोटात इतके वेगवेगळे काही का असावे, याचे उत्तर खडकात आहे. सह्याद्रीत कात्रजपासून सिंहगडापर्यंत चाला, पायाखाली एकच बसाल्ट. चंद्रपूर-गडचिरोलीत मात्र पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना ढोबळमानाने पृथ्वीचा इतिहास उलटा वाचत गेल्यासारखे होते. जिवतीच्या बाजूला साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा पाषाण आहे. त्याच्या लगत चुनखडक उघडा पडतो, म्हणून गडचांदूर परिसरात सिमेंटचे कारखाने गर्दीने उभे आहेत. वर्धा नदीच्या खोऱ्यात गोंडवन काळातला वालुकाश्म आणि कोळसा आहे. वैनगंगा ओलांडून पूर्वेला गेले की अब्जावधी वर्षांपूर्वीचे आर्कियन खडक लागतात आणि त्यांत लोहखनिजाचे पट्टे. त्यातला सर्वांत समृद्ध पट्टा एटापल्ली तालुक्यात, सुरजागडच्या डोंगरांत आहे. गडचिरोलीतल्या उंच शिखरांत गणला जाणारा, ९६७ मीटर उंचीचा गडलगट्टाही याच बाजूचा.

सुरजागडच्या माथ्यावर ठाकुरदेव आहे. दर जानेवारीत आसपासच्या सत्तरेक गावांचे माडिया लोक तिथे यात्रेला जमतात. बाबूराव शेडमाक्यांच्या आठवणी या डोंगराशी जोडल्या आहेत आणि यात्रेत त्यांचेही स्मरण होते. डोंगर चढण्याची इथली ही सर्वांत जिवंत परंपरा. आणि याच डोंगरावर २००७ साली सुमारे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा लॉइड्स मेटल्स या कंपनीला मंजूर झाला. २०१६ मध्ये खोदकाम सुरू झाले. त्याच वर्षी डिसेंबरात माओवाद्यांनी खाणीवरची कित्येक वाहने जाळली आणि काम थंडावले. २०२१ पासून ते मोठ्या वेगाने चालू आहे. हजारो स्थानिकांना रोजगार मिळाला, कोनसरीला कारखाना उभा राहतो आहे, आणि ज्या जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या उद्योग नव्हता तिथे याचे मोल खरोखर मोठे आहे. तरीही एक गोष्ट स्पष्टपणे मांडायला हवी. खाणीत डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी वरून खाली कापला जातो, म्हणजे सर्वांत आधी माथाच जातो. बाकी नुकसान मोजता येते. जंगल दुसरीकडे लावण्याचा प्रयत्न तरी करता येतो. देवाचा माथा दुसरीकडे नेता येत नाही. सत्तर गावांच्या यात्रेची वाट जिथे संपते ती जागा राखणे हे खाणीच्या परवान्यातले पहिले कलम असायला हवे होते.

वाट कुणाची, हा प्रश्न गडचिरोलीने देशाला एकदा नीट सोडवून दाखवला आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंडांच्या गावाला २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते होते. त्यानंतर जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांना असे हक्क मिळाले. बांबू कधी तोडायचा, तेंदू कुणाला विकायचा, कुठला भाग राखून ठेवायचा, हे तिथे ग्रामसभा ठरवते.

अशा ग्रामसभा डोंगराच्या वाटाही ठरवू शकतात. कुठल्या माथ्यावर पाहुण्याला न्यायचे, कुठल्या देवाच्या जागेपाशी चपला काढून थांबायचे आणि कुठल्या माथ्यावर न्यायचेच नाही, हे गावाइतके चांगले कुणाला ठाऊक नाही. डिसेंबर-जानेवारीतले मोजके दिवस, दिवसाला एकच लहान गट, गावातलीच दोन जाणती माणसे वाटाडे म्हणून, त्यांची मजुरी तेंदूच्या दरापेक्षा चांगली, जेवण गावातल्या बचतगटाचे, आणि वाघाची हालचाल दिसली तर त्या दिवशीची वाट बंद. घोडाझरीच्या बाजूने सकाळी सातला निघालेला गट दुपारी बारापर्यंत सात बहिणींच्या ठाण्याशी पोहोचला नाही तर तिथून पुढचे माथे सोडून जवळच्या खिंडीतून खाली आणायचा, असा नियम वाटाड्यांना आधीच देऊन ठेवावा लागेल. शिखर हुकल्याबद्दल पाहुणा हुज्जत घालू लागला तरी तो बदलता येणार नाही, हे परवानगीच्या कागदावर मोठ्या अक्षरांत छापलेले बरे.